दोरी तुटली नाही, तरी पाय मोडला: ट्रेकसाठी हलकी दोरी कशी निवडायची

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांना आकडे परत एकदा शांतपणे बघायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "म्हणजे", "काय म्हणतात ते" जरा कमी केलेत.

आजचा विषय आहे दोरी. हो, साधी दोरी. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर लॅपटॉपसमोर. पण सुट्टीत दोंडाईच्याला घरी आलो की बॅग पाठीवर टाकून सातपुड्यात जायचं, हे कॉलेजपासून ठरलेलं. सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहादा गाठायचं आणि पुढं तोरणमाळचा घाट. तर या नादात दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे हा एपिसोड आहे.

काय झालं होतं

ऑगस्ट महिना. आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र. तोरणमाळच्या बाजूच्या एका घळीत उतरायचं होतं. वाटेत दहा-बारा फुटांचा एक कातळटप्पा, त्यावर शेवाळ. माझ्याकडे नवीकोरी पॅराकॉर्ड होती, चार मिलिमीटर जाडीची. पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलेलं: ताकद २५० किलो. मी म्हटलं, आपल्यातला सगळ्यात जड गडी ७८ किलोचा. तिपटीपेक्षा जास्त ताकद आहे. अजून काय पाहिजे?

वर एका अंजनाच्या झाडाला दोरी बांधली. पहिले दोघं धरून आरामात उतरले. तिसऱ्याचा पाय सटकला आणि त्याचं सगळं वजन दोन्ही मुठींवर आलं. दोरी मुठीतून सरसर सरकली, तळहात भाजला, त्यानं हात सोडला आणि तो साताठ फुटांवरून खाली आला. घोट्याचं हाड मोडलं.

दोरी मात्र झाडाला तशीच लटकत होती. तिला काहीही झालं नव्हतं.

मोबाईलला रेंज नाही. चौथा मित्र जवळच्या पाड्यावर धावला. तिथली पावरा मंडळी एक लांब बांबू आणि गोधडी घेऊन आली. गोधडीची टोकं बांबूला बांधून झोळी करायची होती. त्यांच्यातल्या एका काकांनी विचारलं, "दोरी आहे का?" मी तीच पॅराकॉर्ड सोडून आणली. त्यांनी दोन्ही टोकांना आठ-आठ, दहा-दहा फेरे घट्ट मारले. साडेतीन तास, चढ-उतारातून, ७८ किलोचा माणूस त्या झोळीत होता. दोरी एक इंच हलली नाही.

म्हणजे बघा, तीच दोरी, तोच माणूस, तोच दिवस. एका कामात नापास, दुसऱ्यात शंभरपैकी शंभर.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. आमचे आबा म्हणजे आजोबा. ते अंबाडीचा वाख काढून घरीच दोर वळायचे. बैलाचा कासरा वेगळा, म्हशीचं दावं वेगळं, विहिरीचा दोर वेगळा. त्यांनी ती पॅराकॉर्ड हातात घेतली, ताणली, नखानं खरवडली आणि म्हणाले, "दोर बराबर शे भाऊ, काम चुकनं."

दोर ठीक आहे, काम चुकलं. आजच्या एपिसोडचा सगळा सारांश एवढाच. पुढं मी फक्त आकडे भरतोय.

मी चुकलो कुठं?

आधी हे सांगतो की ती दोरी मी घेतली कशी. इंटरनेटवर हलक्या दोरीबद्दल शोधलं की निम्मे व्हिडिओ अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे येतात. ते लोक रानात आठ-आठ दिवस राहतात, एल्कसारखं मोठं हरीण मारतात, मांसाचे भाग करून कापडी पिशव्यांत भरतात आणि झाडाला टांगतात. एकेक भाग २५-३० किलोचा. सगळं पाठीवर वाहायचं असल्यामुळे ते दोरीचा ग्रॅम न् ग्रॅम मोजतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे तो भाग सोडा. पण वजनाचं गणित आपल्या ट्रेकलाही लागू होतं, म्हणून मी ते बघत होतो.

गडबड इथं झाली. त्यांची दोरी मांस टांगण्यासाठी आहे. मांस सटकत नाही, झटका देत नाही, दोरी मुठीत धरत नाही. आणि दोरी तुटलीच तर मांस खाली पडतं, एवढंच. मी ती शिफारस उचलली आणि माणसाला लावली.

आता पाकिटावरच्या २५० किलोचं काय होतं ते पायरी पायरीनं बघू.

पहिली पायरी, गाठ. पाकिटावरचा आकडा सरळ, नव्या, कोरड्या दोरीचा असतो. गाठ मारली की दोरी तिथं वाकते, बाहेरच्या तंतूंवर ताण जास्त येतो आणि ताकद कमी होते. चांगली आठाची गाठ असेल तर साधारण वीस-पंचवीस टक्के जातात, साधी गाठ असेल तर चाळीस टक्क्यांच्या पुढंही. म्हणजे २५० चे राहिले १५० ते २००.

दुसरी पायरी, झटका. समजा ७० किलोचा माणूस अर्धा मीटर खाली आला आणि दोरीनं त्याला दहा सेंटिमीटरमध्ये थांबवलं. शाळेतलं ऊर्जेचं गणित लावा: सरासरी ओढ त्याच्या वजनाच्या सहापट होते, म्हणजे ४२० किलो. ही सरासरी आहे, सगळ्यात जोराचा क्षण त्याहून जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर सरासरी ट्रॅफिकनं पडत नाही, तो पीक ट्रॅफिकला पडतो. दोरीचंही तसंच.

तिसरी पायरी, धार. आपला काळा कातळ, बेसॉल्ट, कडेला सुरीसारखा असू शकतो. ताणलेली दोरी त्या कडेवर आडवी घासली की पाकिटावरचा आकडा विसरायचा.

चौथी पायरी, मूठ. आम्हाला हीच नडली. चार मिलिमीटर दोरीवर माणसाची पकड बसतच नाही. त्यात ओली. दोरीची ताकद हजार किलो असती तरी मित्र पडलाच असता.

म्हणून एक सर्वसाधारण नियम लक्षात ठेवा. सामानासाठी दोरी वापरताना छापील ताकदीचा पाचवा भाग धरा. माणसाचा जीव असेल तर दहावा. २५० चा दहावा भाग किती? २५ किलो. आमचा गडी ७८ चा.

आणि झोळी का टिकली? दोरीचे दहा फेरे होते, म्हणजे भार दहा ठिकाणी वाटला गेला. झटका नव्हता. धार नव्हती. कुणाला दोरी मुठीत धरायची नव्हती. आणि झोळी जमिनीपासून दोन फुटांवर होती.

आधी काम ठरवा

ट्रेकमध्ये दोरीची कामं तीनच असतात.

एक, बांधणं. ताडपत्री, तंबू, ओले कपडे. इथं ओढ फार तर दहा-वीस किलोची, वाऱ्यानं थोडी जास्त. दोरी तुटली तर फार फार तर भिजाल.

दोन, टांगणं आणि ओढणं. रात्री खाण्याची पिशवी उंदीर, मुंग्या, माकडांपासून वर टांगणं, किंवा बॅग टप्प्यावरून खाली सोडणं. भार चार किलोपासून पंधरा किलोपर्यंत.

तीन, माणूस. इथं वजन वाचवायचा विचारच करायचा नाही.

लोक चुकतात कुठं, तर एकच दोरी घेतात आणि तिन्ही कामं तिला देतात. मग ती पहिल्या कामाला गरजेपेक्षा जड होते आणि तिसऱ्याला जीवघेणी हलकी.

माल कोणता?

दुकानात गेलात की सगळ्याला "नायलॉनची दोरी" म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगळे प्रकार असतात.

नायलॉन. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरॉदर्स यांनी शोधलेला धागा. खासियत म्हणजे तो ताणतो, झटका पचवतो. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या दोऱ्या याच्याच झाल्या, पॅराकॉर्ड हे नाव तिथून आलं. तोटा काय? नायलॉन पाणी पितं. ओलं झालं की थोडं लांबतं आणि ताकदही साधारण दहा-पंधरा टक्के कमी होते. पावसात संध्याकाळी ताठ बांधलेली ताडपत्री पहाटे तीनला तुमच्या नाकावर येते, ती यामुळे. मला वाटायचं आपली गाठ ढिली पडते. गाठ बिचारी बरोबर होती.

पॉलिएस्टर. कमी ताणतं, पाणी जवळजवळ पीतच नाही, उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. ताडपत्री आणि तंबूसाठी हेच घ्या. दोन-अडीच मिलिमीटर जाडी भरपूर झाली. चमकणारा धागा विणलेली मिळाली तर उत्तम, रात्री कुणी अडकून पडत नाही.

पॉलिप्रॉपिलीन. बाजारात मिळणारी निळी-पिवळी, स्वस्त प्लास्टिकची दोरी बहुतेक याची किंवा याच्या भावकीतली. हलकी, पाण्यावर तरंगते, गुरं बांधायला, गवताचे भारे बांधायला ठीक. पण उन्हानं लवकर सडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. गच्चीवर एक उन्हाळा काढलेली दोरी हातावर घासून बघा, पांढरी भुकटी लागेल. ती दोरी ट्रेकला न्यायची नाही. शिवाय साधारण १६५ अंशाला वितळते, म्हणजे जोरात घासली तरी मऊ पडते.

डायनीमा. हा हलक्या दोरीतला राजा. मूळ पॉलिथिलीनच, पण रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब आणि सगळ्या एका दिशेत ताणून सरळ केलेल्या. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत हे तंत्र तयार झालं. दोन मिलिमीटरच्या आसपासची डायनीमा दोरी ताकदीला चार मिलिमीटर पॅराकॉर्डच्या तोडीस तोड, आणि वजन निम्म्याहून कमी. पाणी पीत नाही, ताणत नाही, तरंगते. मग तोटे? एक, महाग. दोन, साबणासारखी गुळगुळीत, साध्या गाठी सुटतात. तीन, १५० अंशाच्या आसपासच वितळते, त्यामुळे चुलीपासून लांब. चार, बारीक असल्यामुळे ओढताना तळहात कापते. आणि पाच, ताणत नाही म्हणजे झटका पचवत नाही. माणसासाठी हा गुण नाही, अवगुण आहे.

आता दुकानदार काय सांगतो यावर न जाता ओळखायचं कसं? सोपी युक्ती. दोरीचा वीतभर तुकडा पाण्यात पूर्ण दाबून, हवा काढून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा डायनीमा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग बुडालेल्या दोरीला तासभर भिजवून ओढून बघा: लांबते, रबरासारखी वाटते ती नायलॉन. शंभर टक्के खात्री नाही देत हे, पण "प्युअर नायलॉन" म्हणून गळ्यात मारलेली प्लास्टिकची दोरी लगेच पकडली जाते.

वजनाचा हिशोब

पॅराकॉर्ड मीटरला साधारण साडेसहा ग्रॅम. म्हणजे पंधरा मीटरचे १०० ग्रॅम. दोन मिलिमीटर डायनीमा मीटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा मीटरचे ४० ग्रॅमच्या आसपास. वाचले ६० ग्रॅम. म्हणजे पार्ले-जीचा एक लहान पुडा.

ऐकायला गंमत वाटते, पण यातून एक शिकण्यासारखं आहे. बारीक दोरी घेऊन फार वजन वाचत नाही. वजन वाचतं ते लांबी मोजून घेतल्यानं. मी आधी "असू दे" म्हणून तीस मीटर पॅराकॉर्ड न्यायचो, दोनशे ग्रॅम, आणि त्यातली वीस मीटर कधी उलगडलीच नाही. आता ताडपत्रीला चार कोपरे, प्रत्येकी दोन मीटर, असं मोजून तुकडे करून नेतो.

माझी सध्याची यादी:

ताडपत्रीसाठी पॉलिएस्टर, दोन मिलिमीटर, दोन-दोन मीटरचे सहा तुकडे. खाण्याची पिशवी टांगायला डायनीमा, बारा मीटर. आणि पॅराकॉर्ड सहा मीटर. ती का? कारण ती सगळ्या किरकोळ कामांना बरी पडते: तुटलेला बॅगेचा पट्टा, सुटलेला बुटाचा तळ, झोळी. तिच्या कवचाच्या आत सात किंवा नऊ बारीक दोऱ्या असतात, त्या काढून शिवणालाही चालतात. सगळं मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम.

माणसासाठीचा दोर या यादीत नाही. तो वेगळा, गटाचा.

माणसासाठी

इथं मी कमीत कमी बोलतो, कारण मी प्रशिक्षक नाही.

गिर्यारोहणाच्या दोरांवर युरोपीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. ईएन ५६४ म्हणजे चार ते आठ मिलिमीटरची मदतीची दोरी. यात किमान ताकद ठरलेली आहे: चार मिलिमीटरला ३.२ किलोन्यूटन, सहाला ७.२, आठला १२.८. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो. ईएन १८९१ म्हणजे उतरण्यासाठीचा कमी ताणणारा दोर, त्यातल्या ए प्रकाराला किमान २२ किलोन्यूटन लागतात. ईएन ८९२ म्हणजे चढाईचा, पडणाऱ्याचा झटका पचवणारा दोर.

दहा मिलिमीटरच्या दोराला मीटरला ६५ ग्रॅमच्या आसपास वजन धरा. पंधरा मीटर नेला तर एक किलो. चौघांत फिरवून वाहिला तर काहीच नाही. आम्ही त्या दिवशी हा एक किलो वाचवला होता.

आणि दोर चांगला असला तरी हातानं धरून उतरणं हा आधार आहे, सुरक्षा नव्हे. हात सुटला की संपलं. टप्पा खरोखर अवघड असेल तर हार्नेस, हेल्मेट आणि ते वापरायला शिकलेला माणूस पाहिजे. तिन्हीपैकी एक नसेल तर मागं फिरा. मागं फिरायला शून्य ग्रॅम लागतात.

गाठ शिकायची तर मिरची मार्केटला या

शेवटची गोष्ट. दोरी कितीही भारी घ्या, गाठ येत नसेल तर उपयोग नाही. ताडपत्री ताठ बांधायची जी गाठ यूट्यूबवर "ट्रकर्स हिच" म्हणून शिकवतात, ती मी दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात शिकलो. मिरचीची पोती भरलेला ट्रक, वर ताडपत्री, आणि हमाल भाऊ वीस सेकंदांत दोर असा आवळतो की ट्रक सुरतेला पोचला तरी ढिला पडत नाही.

करायचं काय: दोरीचं एक टोक पक्कं बांधा. मध्ये एक फिरकी देऊन फास काढा. मोकळं टोक खुंटीखालून घेऊन त्या फासातून परत खाली ओढा. झाली कप्पी तयार. कागदावर तिप्पट जोर मिळतो, घर्षणामुळे प्रत्यक्षात बराच कमी, पण नुसत्या हातापेक्षा कितीतरी जास्त. मग दोन अर्ध्या गाठी मारून टाका. मी एका हमाल दादांना सांगितलं की याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. ते म्हणाले, "मग आमले पैसा काब्र नई भेटत?" बरोबर आहे त्यांचं.

डायनीमा असेल तर एक फेरा जास्तीचा द्या आणि टोक वीतभर सोडा. ही गाठ सामानासाठी आहे, माणसासाठी नाही, हे परत सांगतो.

जाता जाता

मित्राचा घोटा बरा झाला. स्क्रू आहेत आत. थंडीत दुखतो, पण चालतो. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. घोड्यांच्या बाजारात एक जण लगाम आणि दोर विकत होता. मित्रानं एक सुंदर विणलेला दोर उचलला आणि विचारलं, "हा किती किलो पेलतो?" विक्रेता म्हणाला, "आधी घोडा कोणता ते सांगा."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी दोरी घ्यायला गेलात की "किती किलोची?" हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न स्वतःला: हिला काम काय देणार आहे? आणि उत्तरात माणूस आला, तर ती दोरी खाली ठेवा आणि दोर बघा.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत घरातल्या दोऱ्या बादलीत टाकून बघा, काय तरंगतं आणि काय बुडतं ते मला नक्की कळवा.